विक्रम ठीक, पण त्या सदराचं काय?

बुद्धिबळपटू जॉर्ज कोल्टानोव्स्कींवरच्या तुमच्या लेखात त्यांचं सगळं मोठेपण 1937 च्या एडिंबरातल्या विक्रमावर उभं केलंय, ते काही पटलं नाही. पटाकडे न बघता एकाच वेळी 34 डाव खेळून एकही न हरणं अचाटच, वाद नाही. पण बुद्धिबळाचा प्रसार म्हणाल तर तो सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल या दैनिकातल्या त्यांच्या बुद्धिबळाच्या सदराने केला. बेल्जियमचा हा विजेता अमेरिकेत स्थायिक झाला आणि 1948 पासून 2000 साली जाईपर्यंत लिहीत राहिला. लेखात त्याला जेमतेम एक ओळ!

मी सोसायटीतल्या पोरांना बुद्धिबळ शिकवते. ग्रँडमास्टरांचे डाव दाखवले की जांभया. 'पांढऱ्याची खेळी, दोन चालींत मात' असं कोडं मांडलं की आया हाका मारून थकतात. कोल्टानोव्स्कींना ही नस बरोबर सापडली होती. त्यांचा घोड्याचा खेळच बघा ना: 64 घरांत प्रेक्षकांनी नावं, फोन नंबर, काहीबाही लिहायचं आणि यांनी पटाकडे पाठ करून, घोडा अडीच-अडीच घरं फिरवत, प्रत्येक घरातलं धडाधड म्हणून दाखवायचं. ज्याला प्यादं कसं चालतं तेही ठाऊक नाही, तोसुद्धा अशा खेळाला खुर्ची सोडणार नाही.