युरोपियन टूर युरोपची उरली नाही, हे म्हणणे का टिकत नाही

युरोपातील व्यावसायिक गोल्फविषयी एक विधान गेली काही वर्षे फार आत्मविश्वासाने पसरवले जाते. पूर्वीची युरोपियन टूर (व्यावसायिक स्पर्धांची मालिका), म्हणजे २०२२ च्या हंगामापासूनची डीपी वर्ल्ड टूर, आता युरोपची राहिलेली नाही. तिचे गोल्फ वाळवंटात खेळले जाते, मालकी अमेरिकेच्या पीजीए टूरकडे गेली आहे, चांगले खेळाडू तिकडे निघून जातात आणि मागे उरलेल्या आठवड्यांना काही मोल नाही, असे ते विधान आहे. त्यातील बहुतेक मुद्द्यांत थोडेथोडे तथ्य असल्यामुळे ते पटकन पटते. तथापि, २०२४ चा अख्खा हंगाम आठवड्यामागून आठवडा समोर ठेवला, तर निष्कर्ष निराळा निघतो.

पहिला मुद्दा वाळवंटाचा. हा हंगाम २४ देशांत खेळला गेला, त्याची सुरुवात नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिस्बेन आणि जोहान्सबर्ग येथे झाली आणि शेवट अबू धाबी व दुबईत झाला, हे खरे आहे. त्यामागे पैसा आहे, तसेच हवामानही आहे, कारण ऐन हिवाळ्यात उत्तर युरोपात दिवस आठ तासांच्या आसपास येतो, ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीवर, सकाळी हिमकण साचलेले असतात आणि अंधार पडण्याआधी दीडशे खेळाडूंची फेरी पूर्ण करणे अशक्य होते. बाहेर जाण्याची ही प्रथा नवीही नाही: १९७२ मध्ये सुरू झालेली ही टूर १९८२ मध्येच ट्युनिशियाला आणि १९८९ मध्ये दुबईला पोहोचली होती, म्हणजे स्पेनचा महान खेळाडू सेव्हे बायेस्तेरोस ऐन भरात असतानाच. मेच्या अखेरीपासून मात्र हंगाम युरोपात उतरला. बेल्जियम, हॅम्बुर्ग, स्वीडन, नेदरलँड्स, इटली, म्युनिक आणि स्कॉटलंड असा प्रवास त्याने जुलैच्या मध्यापर्यंत केला, ऑगस्टमध्ये चेक प्रजासत्ताक आणि डेन्मार्क गाठले, आणि त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत इंग्लंड, स्वित्झर्लंड, आयर्लंड, स्पेन व फ्रान्स येथे त्या स्पर्धा झाल्या ज्यांच्यावर युरोपीय गोल्फ उभे आहे. फ्रेंच ओपन १९०६ पासूनची, स्पॅनिश ओपन १९१२ पासूनची आणि आयरिश ओपन १९२७ पासूनची आहे. त्या जोपर्यंत याच टूरच्या कार्यक्रमपत्रिकेत आहेत, तोपर्यंत तिला युरोपबाहेरची म्हणणे मला मान्य नाही.

मालकीच्या मुद्द्यावर फार शब्द खर्चण्याची गरज नाही. २०२२ च्या करारानंतर पीजीए टूरचा हिस्सा १५ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेला तो युरोपियन टूर प्रॉडक्शन्स या प्रक्षेपण-निर्मिती कंपनीत. टूर स्वतः सभासद खेळाडूंची संस्था आहे आणि डीपी वर्ल्ड ही दुबईची कंपनी तिची प्रायोजक आहे. या संस्थेची स्वतंत्र वाटचाल पाहायची असेल तर स्वीडनमधील स्पर्धा आठवावी, जिथे पुरुष आणि स्त्रिया एकाच चषकासाठी आणि एकाच बक्षीस रकमेसाठी खेळत असत. तेथे २०२२ मध्ये लिन ग्रांट नऊ फटक्यांनी जिंकली आणि या टूरवर विजय मिळवणारी पहिली स्त्री ठरली. २०२४ मध्ये शेवटच्या दिवशी ती अकरा फटक्यांनी मागे होती, तरीही पुन्हा तीच जिंकली.

खेळाडू निघून जातात, हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. २०२३ पासून वर्षअखेरीच्या क्रमवारीतील, अन्यथा पात्र नसलेल्या पहिल्या दहा जणांना पीजीए टूरचे कार्ड, म्हणजे तिथे खेळण्याचा हक्क, मिळते, आणि ते बहुतेक जण स्वीकारतात. परंतु गेलेला खेळाडू परततच नाही, हे गृहीतक चुकीचे आहे. स्कॉटलंडमधील ओबनचा रॉबर्ट मॅकिंटायर याच दहांतून अमेरिकेला गेला. जून २०२४ मध्ये त्याने कॅनेडियन ओपन जिंकली तेव्हा त्याची बॅग वडिलांच्या खांद्यावर होती, आणि ते वडील गावाकडच्या कोर्सवर हिरवळीची निगा राखतात. सहा आठवड्यांनी तो घरच्या भूमीवर स्कॉटिश ओपन खेळला आणि अठराव्या होलवर बावीस फुटांवरून चेंडू होलमध्ये ढकलून जिंकला. १९९९ मध्ये कॉलिन माँटगोमेरीने ही स्पर्धा जिंकल्यानंतर एकाही स्कॉटिश खेळाडूला ते जमले नव्हते. उत्तर आयर्लंडचा रॉरी मॅकिलरॉय तेव्हा अमेरिकेत राहत होता, तरी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रॉयल काउंटी डाऊनवर आयरिश ओपनमध्ये रासमुस हॉयगार्डकडून तो एका फटक्याने हरला, पुढच्याच आठवड्यात इंग्लंडमधील वेंटवर्थला प्लेऑफमध्ये (बरोबरी फोडण्यासाठीच्या जादा होलवर) बिली हॉर्शेलकडून हरला, आणि नोव्हेंबरमध्ये दुबईत जिंकून सहाव्यांदा क्रमवारीत पहिला येत त्याने बायेस्तेरोसची बरोबरी केली. वेंटवर्थला जिंकणारा हॉर्शेल तर अमेरिकनच आहे.

बक्षिसांच्या रकमेतील दरी मी नाकारत नाही. अमेरिकेतील निवडक स्पर्धांची रक्कम दोन कोटी डॉलर आहे आणि युरोपातील साध्या आठवड्याची रक्कम तिच्या जवळपासही जात नाही.

पण त्या साध्या आठवड्यांना मोल नाही, हे म्हणणे मला सर्वांत जास्त खुपते. २० ऑक्टोबर २०२४ रोजी स्पेनमधील सोतोग्रांदे येथे अँडलुसिया मास्टर्सचा प्लेऑफ सुरू झाला. एका बाजूला स्पेनचा होर्खे कांपियो होता, आणि दुसऱ्या बाजूला फ्रान्सचा ज्युलियन गेरिए, जो २००६ मध्ये ब्रिटिश अमॅच्युअर ही हौशी खेळाडूंची स्पर्धा जिंकूनही व्यावसायिक म्हणून दोनशेहून अधिक स्पर्धा या टूरवर खेळला होता आणि एकही जिंकला नव्हता. दोघे एकामागून एक होल बरोबरीत सोडवत राहिले, आणि नवव्या जादा होलवर, टूरच्या इतिहासातील सर्वांत लांब प्लेऑफची बरोबरी झाल्यावर, एकोणचाळीस वर्षांच्या गेरिएने पहिला विजय मिळवला.