म्हाताऱ्यांची सेवा करायला डिग्री कशाला लागते?

"म्हाताऱ्यांची सेवा करायला डिग्री कशाला लागते, ते मनातून यावं लागतं" हे मी लग्नकार्यात, लोकलमध्ये, सोसायटीच्या मीटिंगमध्ये इतक्यांदा ऐकलंय की आता चिडायचंही सोडून दिलंय. गंमत म्हणजे हे म्हणणाऱ्यांच्या घरी सेवा करत असते सून नाहीतर ब्युरोची मावशी.

ही डिग्री ज्या विषयाची, त्याचं नाव जेरोन्टॉलॉजी, म्हणजे वार्धक्याचा अभ्यास. म्हाताऱ्यांच्या आजारांवरचे उपचार म्हणून डॉक्टर लोक शिकतात ते जेरिअ‍ॅट्रिक्स, ते वेगळं. तिकडे कॅनडात हॅलिफॅक्सच्या माउंट सेंट व्हिन्सेंट युनिव्हर्सिटीत फॅमिली स्टडीज आणि जेरोन्टॉलॉजी असं एकत्रच एमए आहे आणि मला विचाराल तर ही जोडीच बरोबर आहे. आपल्याकडे हे तुकड्यातुकड्यात शिकवतात, थोडं सोशल वर्कमध्ये, थोडं होम सायन्सच्या ह्यूमन डेव्हलपमेंटमध्ये, थोडं लोकसंख्याशास्त्रात. पण मुंबईत म्हातारपण एकट्या माणसाला येतच नाही हो, अख्ख्या वनबीएचकेला येतं.

मी सोशल वर्क शिकले आणि ज्येष्ठांच्या घरी व्हिजिट करते, त्यामुळे फॉर्म भरणं हा माझा धंदाच. वृद्धांचं स्वतःचं स्वतःला किती जमतं हे मोजायला सिडनी कॅट्झ नावाच्या डॉक्टरांनी 1963 मध्ये एक पट्टी बनवली, अंघोळ, कपडे, संडास, उठबस, लघवी-शौचावर ताबा आणि जेवण, अशा सहा गोष्टी. जगभर वापरतात, चांगलीच आहे. आता लालबागच्या चाळीत ती घेऊन जा. एका आजींना विचारलं, संडासला स्वतःचं स्वतः जाता का? म्हणाल्या, "कुठल्या टायमाला?" सकाळी गॅलरीच्या टोकाला लाइन असते, पायावर तेवढा वेळ उभं राहवत नाही. दुपारी मोकळं असतं तेव्हा आरामात जातात. रात्री तिथला दिवा गेलेला असतो म्हणून संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. आता टिक कुठे करू? गुडघ्यांचा मार्क द्यायचा की दिव्याचा? आणि रात्री जावंच लागलं तर सोबत उठते ती सून, तिला सकाळी डबे करून नोकरीवर जायचंय, तिची झोप कुठल्याच रकान्यात नाही.

दुसरी पट्टी 1969 ची, लॉटन आणि ब्रॉडी यांची. त्यात फोन, खरेदी, स्वयंपाक, कपडे धुणं, औषधं, पैशाचा व्यवहार असलं सगळं. तेव्हा पुरुषांना स्वयंपाक, घरकाम आणि धुणं यांचे मार्कच धरायचे नाहीत असा रिवाज होता. आपले आजोबा खुश! जन्मात चहा केलेला नाही तो माणूस "चहा येत नाही" म्हणाला तर ते आजारपण नव्हे, ते घरातलं राजकारण. पण आजी गेल्यावर हेच आजोबा बिस्किटांवर दिवस काढतात, तेव्हा ते आजारपण व्हायला वेळ लागत नाही. हे ओळखायला कुटुंब शिकलेला माणूस लागतो, नुसतं बीपी बघून कळत नाही.

रिडेव्हलपमेंटचं तर बोलूच नका. कमोड घरात आला, लिफ्ट आली, पण गॅलरी गेली, समोरच्या वहिनी वेगळ्या विंगमध्ये गेल्या, आता चौदाव्या मजल्यावर दार लावून टीव्ही. फॉर्मवर मार्क वाढतात, म्हातारी मात्र खंगते.

कायद्याचंही तेच. 2007 चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे, महिन्याला 10,000 पर्यंत पोटगी मिळू शकते, ट्रिब्युनल आहे. पण फ्लॅट मुलाच्या नावावर करून बसलेल्या बाईला हे सांगितलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "पोटच्या पोरावर केस करू होय?" आणि दुसरं, "नातवाला भेटू देतील का मग?" कलमं वकील सांगेल, या दुसऱ्या वाक्याचं काय करायचं हे कोण शिकवणार?

बरं, माहिती नाही असंही नाही. देवनारच्या आयआयपीएसने, म्हणजे लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने, 2017-18 मध्ये लासी नावाचा वार्धक्याचा सर्व्हे केला, 45 वर्षांवरची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून 72 हजारांच्या वर, देशभरातून. टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, तिथून हाकेच्या अंतरावर, 1936 पासून सोशल वर्क शिकवतंय. म्हणजे आकडे एका गेटच्या आत, माणसं समजून घ्यायचं शिक्षण दुसऱ्या गेटच्या आत, आणि गोवंडी स्टेशनवरून रोज दोन्हीकडचे विद्यार्थी एकाच रिक्षास्टँडवर उभे. असं जोड एमए इथे नाही निघायचं तर कुठे?

हे सगळं आज लिहितेय कारण माझ्या ताईच्या मुलीला याच विषयात पुढे शिकायचंय. ताईला पटलंय, भाऊजींचा प्रश्न एकच, "पगार किती?" आणि तो प्रश्न मला अजिबात वाईट वाटत नाही, फी ते भरणार आहेत. खरी गोम तिथेच आहे. ब्युरोला लोक महिन्याचे पैसे मोजतात कारण मावशी डोळ्यासमोर दिसते. पण डिस्चार्जच्या आधी घरी येऊन कुणाच्या खांद्यावर किती पडणार, बाथरूमला कठडा कुठे लावायचा, भावंडांत खर्च कसा वाटायचा हे बसून ठरवून देणाऱ्याला फी द्यायची म्हटलं की "एवढं तर आम्हालाही कळतं". मग आठवड्याभरात तिघं भाऊ एकमेकांशी बोलेनासे होतात.

तर या फिल्डमध्ये जे कोणी आहात, हॉस्पिटलमध्ये, एनजीओत, डे केअरमध्ये, कुठेही, सुरुवातीचा पगार काय मिळाला आणि आता काय मिळतो ते सांगा प्लीज. इनबॉक्समध्ये सांगितलंत तरी चालेल. फक्त आकडा खरा सांगा, भाऊजी रिटायर्ड बँकवाले आहेत, फुगवलेला असला तर लगेच ओळखतील.