मुदतवाढ म्हणजे विश्रांती नव्हे

सीएच्या ऑफिसात काम करणाऱ्या कुणाच्याही घरी विचारा. जुलै ते ऑक्टोबर माणूस घरात फक्त झोपायला येतो. या दिवसांत प्राणायाम करा, पाणी प्या, मोबाइल बाजूला ठेवा असे मेसेज हमखास येतात. सल्ला चांगलाच आहे, मीही सकाळी चालायला जाते. पण आमचा निम्मा ताण कामाचा नसतोच, कागद वेळेवर न येण्याचा असतो. त्याचा इलाज ऑफिसच्या शिस्तीत आहे, असं माझं ठाम मत आहे.

२०२५ आठवा. ज्यांना ऑडिट लागत नाही त्यांच्या इन्कम टॅक्स रिटर्नची ३१ जुलैची तारीख १५ सप्टेंबरवर गेली आणि तो दिवस संपता संपता आणखी एक दिवस मिळाला. टॅक्स ऑडिट रिपोर्टची, म्हणजे व्यवसायाचे हिशेब तपासून सीएने द्यायच्या अहवालाची, ३० सप्टेंबरची तारीख आधी ३१ ऑक्टोबर झाली, मग १० नोव्हेंबर. बाहेरच्यांना वाटलं, सुटले बिचारे! आमच्याकडे मात्र बातमी आल्या आल्या फोन सुरू झाले. "मॅडम, आता घाई नाही ना? दिवाळीनंतर पाठवतो." लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. फराळाच्या ताटावर बसूनही डोक्यात पेंडिंग लिस्टच चालू.

सगळ्यात जास्त भरडली जातात ती आर्टिकलशिपची मुलं, म्हणजे सीए होण्यासाठी ऑफिसात काम करत शिकणारी. लातूर, जळगाव, सांगलीहून पुण्यात आलेली, कॉट बेसिसवर राहणारी, तुटपुंज्या स्टायपेंडवर महिना काढणारी. रात्री अकराला वडापाव खाऊन हाच मुलगा थ्रीसीडीचा, म्हणजे टॅक्स ऑडिटच्या फॉर्मचा, क्लॉज ३१ भरणार. म्हणजे उसनवारीचे व्यवहार, वीस हजार किंवा त्यावरची रक्कम रोखीने घेतली का ते बघायचं. थकलेल्या डोळ्यांना लेजरमधली ती एक नोंद दिसत नाही. तेवढ्या रोख कर्जावर कर्जाच्या रकमेइतका दंड होऊ शकतो. एवढी जोखमीची नजर मध्यरात्री कशी शाबूत राहील? रात्रभर बसणं म्हणजे निष्ठा, असं आमच्या पेशात अजूनही काही जण मानतात. मला ते अजिबात मान्य नाही.

आमच्या ऑफिसात दोन गोष्टी बदलल्या आणि फरक जाणवला. पहिली, सरकारी तारखेच्या बरीच आधी आमची स्वतःची तारीख. तिच्यानंतर कागद आले तर फाईल रांगेत मागे, क्लायंट कितीही जुना असो. हे सरांनी स्वतः फोन करून सांगितलं, ते काम मुलांच्या गळ्यात टाकलं नाही. दुसरी, फायनल रिव्ह्यू फक्त सकाळी. रात्री नऊनंतर कुणी रिपोर्टला हात लावायचा नाही. ओटीपी आणि डीएससीसाठी (डिजिटल सहीसाठी) क्लायंटच्या मागे लागायचं काम एकाच माणसाकडे दिलं, त्यामुळे बाकीच्यांना सलग तासभर तरी डोकं चालवता येतं. इन्कम टॅक्सचं पोर्टल अडकणं काही आपल्या हातात नाही. त्याचा त्रास होतोच, होणारच.

काही क्लायंट चिडले, एक जण तर दुसरीकडे गेला. सरांनी जाऊ दिलं, आणि त्या दिवशी मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला.

व्यापारी मित्रांना हात जोडून विनंती आहे. बँकेचं स्टेटमेंट एप्रिलमध्येच पाठवा, आणि पीडीएफ पाठवा, व्हॉट्सॲपवर पानांचे फोटो नकोत. रोखीच्या व्यवहारांचं विचारलं तर त्याच दिवशी उत्तर द्या. आणि रात्री दहानंतर आर्टिकलच्या नंबरवर फोन करू नका, त्याची सप्टेंबर नाहीतर जानेवारीची सीएची परीक्षा असते.