घर आमचं, अंगण आमचं, मधला फुटपाथ कौन्सिलचा

पुण्यात माझ्या माहेरच्या गेटवर एक पाटी आहे: 'गेटसमोर वाहन लावू नये, हवा सोडण्यात येईल.' रंग उडालाय, दरारा कायम. त्या पाटीला कायद्याचा काडीचाही आधार नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं, बाबांनाही. लंडनला आल्यावर कळलं, इथे त्या पाटीचं काम फुटपाथची कड करते.

इथल्या बऱ्याच घरांपुढे छोटीशी बाग असते. ती फरसबंद करून गाडी आत घ्यायची तर मधला फुटपाथ ओलांडावा लागतो. त्यासाठी कर्ब, म्हणजे फुटपाथची कड, खाली घेऊन, पाया जाड करून जी उतरण करतात तो ड्रॉप्ड कर्ब, म्हणजेच क्रॉसओव्हर. रस्ता कौन्सिलचा, म्हणजे इथल्या महापालिकेचा, परवानगी कौन्सिलची, काम बहुतेक ठिकाणी त्यांच्याच ठेकेदाराचं आणि पैसे आपले. १९८० च्या हायवेज अॅक्टचं कलम १८४ मला आता झोपेतून उठवलं तरी सांगता येईल.

आम्ही घर घेतलं तेव्हा एजंटच्या जाहिरातीत 'ऑफ-स्ट्रीट पार्किंग' ठळक अक्षरांत होतं. पुढे पेव्हिंग केलेलं, कर्ब खाली, गाडी सुळकन आत. तिसऱ्या वर्षी कौन्सिलचं पत्र आलं: तुमच्या घरासमोरच्या क्रॉसओव्हरची आमच्याकडे नोंद नाही. आधीच्या मालकाने कुठल्याशा बिल्डरकडून कर्ब उखडून सिमेंट ओतून घेतलं होतं. आता एक तर रीतसर अर्ज करा, नाहीतर फुटपाथवरून गाडी नेणं बंद करा. दोन्ही केलं नाहीत तर फुटपाथ पूर्ववत करून खर्च तुमच्याकडून घेऊ.

नवरा भडकला. "इतकी वर्षं झोपले होते का?" इथल्या मराठी मंडळातल्या एका जाणकारांनी सांगितलं, दहा वर्षं उलटली की कुणाला काही करता येत नाही. तसं काही नाही. ती मुदत बांधकामाच्या परवानगीच्या कायद्यातली, फुटपाथ हा रस्त्याचा भाग आणि रस्त्याचा कायदा वेगळा. लंडनच्या हॅरो भागातल्या एका सॉलिसिटरचं, म्हणजे वकिलाचं, प्रकरण तर थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं. ऑफिससमोरच्या स्वतःच्या जागेत ते कित्येक वर्षं गाडी लावत, फुटपाथ ओलांडून. कौन्सिलने खांब रोवायचं ठरवलं, कारण पादचाऱ्यांना धोका. अपील कोर्टाने सॉलिसिटरच्या बाजूने कौल दिला होता, पण २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फिरवला: कौन्सिल अडथळा घालू शकते आणि तोही नुकसानभरपाई न देता. कायद्यात मुरलेल्या माणसाची ही गत. आम्ही कोण?

माझं मत विचाराल तर मुद्द्यावर कौन्सिल बरोबर आहे. घरात हे बोलले तेव्हा दोन दिवस अबोला होता, पण आहे ते आहे. फुटपाथच्या फरशा माणसांच्या वजनाच्या हिशेबाने बसवलेल्या, दीड टनाच्या गाडीच्या नव्हे. खाली गॅस, पाणी, केबल. आणि शेजारच्या आजी. ऐंशीच्या पुढच्या आहेत, वॉकर घेऊन चालतात. आमच्या त्या गावठी उतारावर त्यांचा वॉकर रस्त्याच्या बाजूला ओढला जातो. तीन वर्षं रोज खिडकीतून बघत होते आणि मला वाटायचं, वयामुळे तोल जातो. त्या कधी बोलल्या नाहीत. पत्र आल्यावर मी स्वतः त्या उतारावरून बाजाराची ट्रॉली ओढून पाहिली, तीही कलली.

शिवाय कर्ब उतरला की त्याच्यासमोर दुसऱ्याने गाडी लावायची नाही. २००४ च्या ट्रॅफिक मॅनेजमेंट अॅक्टमध्ये तसं आहे. म्हणजे काल गल्लीतल्या कुणाचीही असलेली एक जागा आज माझी झाली. बाबांची पाटीच ती, फक्त सरकारी.

पण कौन्सिलच्या वागण्याबद्दल मात्र मला राग आहे. आम्ही मुकाट्याने अर्ज केला. फी भरली, ती परत मिळत नाही. निरीक्षक आला, टेप लावली आणि म्हणाला, घरापासून फुटपाथपर्यंत अंगणाची लांबी ४.८ मीटर हवी, तुमची ४.६५. पंधरा सेंटिमीटर, वीतभरसुद्धा नाही! आमची छोटी हॅचबॅक त्यात आरामात बसते, पण नियम गाडीला नाही, जागेला. चार घरं सोडून तेवढ्याच लांबीच्या अंगणाला जुन्या नियमाखाली परवानगी मिळालेली आहे. पुढे दुसरं लचांड, पेव्हिंगचं. २००८ च्या ऑक्टोबरपासून इंग्लंडमध्ये समोरच्या बागेत ५ चौरस मीटरपेक्षा जास्त फरसबंदी करायची तर पाणी जमिनीत मुरायला हवं, नाहीतर वेगळी परवानगी. २००७ च्या पुरानंतर आलेला नियम, मला पूर्ण मान्य आहे. आमचं पेव्हिंग त्यात बसतं का, हे आता शोधायचंय.

एकीकडे २०३० पासून नवी पेट्रोलची गाडी मिळणार नाही म्हणतात, दुसरीकडे ड्राइव्हवे नाही म्हणून घरी चार्जर नाही आणि आमच्याकडे फुटपाथवरून केबलही टाकू देत नाहीत. मग लोक शनिवारी सकाळी बिल्डरला रोख पैसे देऊन कर्ब उखडतात. चूकच आहे. पण सरळ मार्गाने गेलेल्याला फी भरून नकार मिळतो आणि गुपचूप करणारा कुणी तक्रार करेपर्यंत निवांत असतो, हेही गल्लीतला प्रत्येकजण बघतोय. (आमची तक्रार कुणी केली, यावर व्हॉट्सअॅप ग्रुपवर चुळबुळ चालू आहे. मी त्या संशोधनात नाही.)

सध्या आमच्या घरासमोर पिवळ्या रंगाची खूण आहे, तिथे खांब येणार म्हणे. गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावतो आणि भाजीच्या पिशव्या हातात घेऊन चालत येतो. 'ऑफ-स्ट्रीट पार्किंग'च्या नावाखाली घराला जास्त मोजलेले पैसे कुणाकडून मागायचे, हे विचारायला उद्या सॉलिसिटरला फोन करणार आहे. घर घेताना तिने क्रॉसओव्हरची परवानगी विचारली नव्हती, आणि आम्हीही नाही.