बाटलीतली हवा

मे महिन्याच्या सुट्टीत चिरंजीवांनी सोसायटीभर हवा केली, "रविवारी माझे बाबा रॉकेट उडवणार!" ती हवा २ लिटरच्या बाटलीत भरायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

कृती सोपी. कोल्ड्रिंकच्या बाटलीला घट्ट रबरी बूच, बुचातून आरपार सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह. बाटली उलटी ठेवून पंप मारत राहायचं. दाब बुचाला पेलेनासा झाला की बाटली वर.

माळ्यावरचा पंप काढला. दांडा इतका अलगद खाली गेला की मला माझ्या दंडांचं कौतुक वाटलं. पंक्चरवाल्याने ते फार टिकू दिलं नाही. "साहेब, वायसर वाळलाय. तेल सोडा." खोबरेलाचे दोन थेंब पडताच चामडं फुगलं, दांडा जड झाला आणि दंडांचं खरं काय ते कळलं. वॉलट्यूबही त्यानेच नवी चढवून दिली. ही बोटभरसुद्धा नसलेली रबरी नळी हवेला आत जाऊ देते, पण आतला दाब तिलाच व्हॉल्व्हच्या भोकावर दाबून धरतो. म्हणजे शेजारी पाठवलेल्या डब्यासारखं. गेला तो गेला.

रविवारी गर्दी जमली. बूच सुटलं, "टप्" झालं, बाटली जेमतेम गुडघ्यापर्यंत उडाली.

"काका, पाणी नाही घातलं?" आठवीतली एक मुलगी म्हणाली. "नुसती हवा किती हलकी! मागे फेकायला काहीतरी वजनदार नको का?"

न्यूटनने १६८७ सालीच छापून ठेवलेलं मला पार्किंगमध्ये कळत होतं.

बाटली एक तृतीयांश पाण्याने भरली. आता बुचाच्या कडेने फुस्सफुस्स. बुचाला प्लंबरची पांढरी टेप गुंडाळली. पुन्हा पंप. दाबलेली हवा तापते. नळकांडं हाताला चटका देऊ लागलं. "बाबा, दमलास?" हा प्रश्न चिरंजीव मुद्दाम मोठ्याने विचारत होते. मी वाकून बूच बघायला गेलो.

धप्प्!

पाणी खाली, म्हणजे माझ्यावर. बाटली तिसऱ्या मजल्याच्याही वर, थेट गच्चीवर. टाळ्या बाटलीला.

ओल्या सदऱ्यानिशी वर गेलो. बाटली काकूंच्या कुरडयांवर आडवी पडली होती. आणि चादर उडू नये म्हणून कोपऱ्यावर ठेवलेला, गेल्या दिवाळीत चकल्या घेऊन गेलेला आमचा डबा.