खाणीचा खड्डा म्हणजे तळं नव्हे

आमच्या माळावर खडीची खाण आणि क्रशर येणार अशी बोलणी सुरू झाल्यापासून गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. "माळाच्या दगडात पाणी नसतंच. खाण झाली तर गावाला फुकटात तळं मिळेल. बुलढाण्यात हेच केलं." पाठवणारे आपलेच लोक आहेत, म्हणून नीट उत्तर देतो.

दगडात पाणी नसतं हे अर्धंच खरं. अखंड काळ्या दगडात नसतं. पण सोलापूरकडच्या विहिरींना पाणी येतं ते त्यावरच्या मुरमातून आणि दगडाच्या भेगांतून. माझ्या विहिरीत उतरून बघा. वर हातभर माती, खाली पिवळट मुरूम, आणि काठापासून २५ फुटांवर, मुरूम संपून दगड लागतो तिथे, कड्याला ओली रेघ आहे. वैशाखातही बोट लावलं तर ओलं होतं. माळावरचा पाऊस मुरमातून झिरपत या रेघेला येतो. खाणीत सगळ्यात आधी खरवडला जातो तो हाच मुरूम.

आता खोलीचा हिशेब. खाण ६० फूट जाणार म्हणतात. माळ माझ्या विहिरीच्या काठापेक्षा साधारण २० फूट उंच. म्हणजे खाणीचा तळ ओल्या रेघेच्या १५ फूट खाली. माझा पाझर तिकडे वळणार, आणि काम चालू असेपर्यंत पंप लावून तो उपसला जाणार. तळं झालंच तर खाण बंद पडल्यावर. आपल्याकडे वर्षाला पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि उघड्या पाण्याची वाफ होते दीड मीटरहून जास्त. मुरमातलं पाणी उन्हापासून झाकलेलं असतं, खड्ड्यातलं नसतं.

बुलढाण्यात महामार्गासाठी मुरूम-माती काढली ती आधीपासून असलेल्या तलाव-नाल्यांतून. तिथे पाणी आपसूक येतं. आपला माळ उताराच्या माथ्यावर आहे.

ओढ्याबद्दल तर मेसेजमध्ये अवाक्षर नाही. क्रशरची पिठासारखी चुरी पहिल्याच वळवाला ओढ्यात उतरते आणि तळाला लिंपण बसवते. मग ओढा वाहतो, पण मुरत नाही.

खडी सगळ्यांनाच लागते, माझं घरही तिच्यावरच उभं आहे. पण ग्रामसभेत आधी लिहून घ्या: तळ ओल्या रेघेच्या वरच थांबेल, वरच्या अंगाने चर खणून पावसाचं पाणी खाणीबाहेरून ओढ्याला जाईल, उपशाचं आणि क्रशरचं पाणी दोन खड्ड्यांत गाळ बसल्याशिवाय सुटणार नाही. आणि आसपासच्या प्रत्येक विहिरीची पातळी खाण सुरू व्हायच्या आत, उन्हाळ्यात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, पंचांसमक्ष मोजायची. आधीचं माप नसेल तर उद्या नुकसान दाखवायचं कशावरून? माझं मी घेतलंय. सोमवारी सकाळी, मोटर लावायच्या आधी, पाणी काठापासून ३८ फुटांवर होतं.