‘सूत्रे पाठ करा, संख्याशास्त्र एका रात्रीत होते’ हा सल्ला का चुकीचा आहे

परीक्षा तोंडावर आली की विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक सल्ला हमखास फिरू लागतो: संख्याशास्त्रात समजून घेण्यासारखे काही नसते, सूत्रे पाठ करावीत, सोडवलेली उदाहरणे नजरेखालून घालावीत आणि आदल्या रात्री जागून विषय संपवावा. शिकवणीशिवाय एकट्याने अभ्यास करणाऱ्यांचे यात सर्वाधिक नुकसान होते, म्हणून त्यातील एकेक विधान तपासून पाहणे मला गरजेचे वाटते.

पहिले विधान सूत्रांचे. समजा, पाच रुग्णांचा वरचा रक्तदाब औषधापूर्वी १५०, १४०, १६०, १३०, १४५ आणि त्याच रुग्णांचा औषधानंतर अनुक्रमे १४६, १३७, १५५, १२७, १४० असा दिला असून सरासरीत बदल झाला का, असे विचारले आहे. आकड्यांच्या दोन रांगा दिसताच पाठांतरावर विसंबलेला विद्यार्थी दोन स्वतंत्र नमुन्यांची, म्हणजे दोन वेगळ्या गटांच्या सरासरींची तुलना करणारी, टी-चाचणी लावतो. आकडेमोड बिनचूक असली तरी टी ०.५९ येतो, ८ डिग्रीज ऑफ फ्रीडमला (निरीक्षणांच्या संख्येवरून ठरणारा, तक्त्यातील ओळ निवडण्याचा आकडा) ५ टक्के पातळीवरची तक्त्यातील किंमत २.३०६ असते, टी तिच्याहून कमी म्हणून ‘बदल सिद्ध होत नाही’ असे उत्तर लिहिले जाते. वास्तविक हे जोडीचे नमुने आहेत, येथे प्रत्येक रुग्णाचा फरक घ्यायला हवा: ४, ३, ५, ३, ५. या फरकांची सरासरी ४, प्रमाण विचलन (फरक सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) १, म्हणून टी ८.९४ येतो, ४ डिग्रीज ऑफ फ्रीडमची किंमत २.७७६ असल्याने निष्कर्ष थेट उलटा होतो. दोन्ही सूत्रे त्या विद्यार्थ्याला तोंडपाठ असतात, पण कोणते केव्हा लावायचे हे ‘त्याच रुग्णांचा’ या दोन शब्दांत दडलेले असते, आणि ते शब्द वाचायची सवय पाठांतराने लागत नाही.

सोडवलेली उदाहरणे वाचण्याबाबत एक गोष्ट मान्य करायला हवी. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर अधिक आठवले होते. आठवड्यानंतर मात्र स्वतः आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे गेले. घाईच्या वाचनानंतर ‘आले मला’ असे वाटते ते यामुळेच. शिवाय तो प्रयोग गद्य उताऱ्यांवर होता; गणित सोडवताना पुढची पायरी स्वतःला सुचावी लागते, आणि दुसऱ्याने लिहिलेली पायरी पटली म्हणून ती सुचेलच असे नाही.

जागरणाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. वजा चिन्ह सुटणे किंवा तक्त्यातील चुकीची ओळ वाचणे या चुका थकलेल्या डोळ्यांकडून अधिक होतात, आणि या विषयात अशी एक चूक पुढची सगळी आकडेमोड बिघडवते.

हाती खरोखरच एक संध्याकाळ उरली असेल, तर जुन्या प्रश्नपत्रिकांतील दहा-बारा प्रश्न घ्यावेत, उत्तरे झाकावीत आणि आकडेमोड न करता प्रत्येकापुढे फक्त एवढेच लिहावे: नमुने स्वतंत्र की जोडीचे, कोणती चाचणी, किती डिग्रीज ऑफ फ्रीडम. मग उत्तरे उघडून जिथे निवड चुकली तेवढेच प्रश्न पूर्ण सोडवावेत आणि वेळेवर झोपावे.